पांढरी तीनमधली ‘अपाचे’

३ डिसेंबर २०२३, रविवार

लीडवाला काल रात्री न्यू जर्सीहून मुंबईत उतरला, पहाटे टॅक्सीने पुण्यात आला आणि सकाळी नवाच्या ठोक्याला माझ्या दारात उभा. पाठीवर गिटारची पेटी, डोळ्यांत झोप. चहा विचारायच्या आत म्हणाला, “रिदम धर.” पन्नास वर्षांत ह्या माणसाने मला ‘कसा आहेस’ असं एकदाही विचारलेलं नाही. ‘रिदम धर’ हाच त्याचा कुशलप्रश्न.

मी दिवाणाखालून गिटार काढली, तारा लावल्या आणि धरली. ही स्वयंपाकघरातून डोकावली. “कुकरची तिसरी शिट्टी झाली की थांबा,” एवढंच म्हणून आत गेली. तिच्या लेखी आम्ही अजून गॅदरिंगमधलेच.

ठरलंय ते असं. आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन २७ जानेवारीला, एरंडवण्यातल्या एका मंगल कार्यालयात. १९७३ च्या गॅदरिंगला आम्ही चौघांनी गिटारवर विलायती धुना वाजवल्या होत्या, त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून त्याच पुन्हा वाजवायच्या. जेवणाआधीचा पाऊण तास आमचा. संयोजकांपैकी एकीने फोनवर विचारलं, “तुमच्यात गाणार कोण?” म्हटलं, कोणीच नाही. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, “म्हणजे नुसतंच वाजवणार?”

हाच प्रश्न १९७३ मध्येही आला होता. तेव्हा विचारणारे आमचे सर होते, एवढाच फरक.

५ डिसेंबर, मंगळवार

‘नुसतंच’ हा शब्द दोन दिवस कानात आहे.

आम्ही नुसतंच वाजवायला लागलो त्याला कारण होतं, आणि ते काही संगीतातलं नव्हतं. लष्करातली, म्हणजे कॅम्पातली मुलं इंग्रजी गाणी म्हणायची आणि ती त्यांच्या तोंडी शोभायची. पारशी, गोवेकर, अँग्लो-इंडियन. घरात पियानो, शाळेत कॉयर. आम्ही शनिवार-सदाशिवातले. आमचं इंग्रजी तर्खडकरी वळणाचं, ‘लव्ह’ म्हणायच्या आधी आजूबाजूला बघणारं. एकदा आमच्या बेसवाल्याने क्लिफ रिचर्डचं एक गाणं म्हणून पाहिलं. म्हणजे म्हणाला तो मनापासून, पण समोरचे हसले ते थांबेचनात. पुढे तो आयुष्यात कधी माइकजवळ गेला नाही.

त्याच क्लिफ रिचर्डच्या मागे चार माणसं उभी असतात हे आम्हाला नंतर कळलं. गायक बाजूला झाला की ती चौघं स्वतःच्या तबकड्या काढतात, आणि त्यांत गाणं नसतं. पहिलं नाव ड्रिफ्टर्स. पण अमेरिकेत त्या नावाची मंडळी आधीच होती, म्हणून १९५९ मध्ये ‘द शॅडोज’. सावल्या. लीडला हँक मार्व्हिन, रिदमला ब्रूस वेल्च, बेसला जेट हॅरिस, ड्रमला टोनी मीहान. १९६० च्या जुलैत त्यांची ‘अपाचे’ बाहेर पडली आणि ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर बसली. ज्या गाण्याला हलवून ती तिथे बसली ते खुद्द क्लिफ रिचर्डचंच होतं. सावलीने माणसाला ओलांडावं, ही गोष्ट आम्हाला भारी आवडायची. मला तर जरा जास्तच. मी रिदमवाला, म्हणजे सावल्यांतलीही सावली.

धुनेला उच्चार नसतात. आमच्यासाठी एवढं पुरेसं होतं.

शिवाय कान तयार होताच. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांमध्ये वेळ उरला की वाद्यावरच्या चित्रपटगीताचा तुकडा लागायचा. व्हॅन शिप्लेंची गिटार, एनॉक डॅनियल्सचं अ‍ॅकॉर्डियन. डॅनियल्स तर आपल्या पुण्याचे. त्या तुकड्याबरोबर आई भाजी निवडता निवडता शब्द म्हणायची. शॅडोजच्या धुनेत तिला भरायला शब्द नव्हते, त्यामुळे ती नुसती मान हलवायची आणि म्हणायची, “बरं आहे, पण अर्धवट वाटतं.”

१० डिसेंबर, रविवार

पहिली तालीम. सहकारनगरात बेसवाल्याच्या गॅरेजमध्ये. गाडी बाहेर, आम्ही आत.

बेसवाला टेल्कोतून निवृत्त झाला तसा बागेत रमला आहे. बोटांना माती, गिटारला आठ वर्षांची धूळ. ड्रमवर आमचे डॉक्टर. कॉलेजात तो नुसताच ड्रमवाला होता, आता सगळे त्याला डॉक्टर म्हणतात, आम्हीसुद्धा, म्हणून तो रागावतो. त्याचा उजवा गुडघा मे महिन्यात बदलला. बेस-ड्रमचं पेडल उजव्या पायाचं. म्हणून त्याने ते डाव्या पायाखाली घेतलंय आणि ज्या झांजा डाव्या पायाने उघडमीट करायच्या त्या आवळून कायमच्या मिटवून टाकल्या आहेत. आवाज थोडा वरणभातासारखा येतो, पण ठेका चुकत नाही.

‘एफबीआय’ बरं झालं. ‘कॉन-टिकी’ पडलं, उठलं, पुन्हा पडलं. मग ‘अपाचे’. ही काय, झोपेतही वाजेल. वाजली. आम्ही एकमेकांकडे बघून हसलोसुद्धा.

बेसवाल्याचा नातू दारात पायरीवर बसून ऐकत होता. अकरावीत आहे, ढोल-ताशा पथकात ढोल वाजवतो, आणि फोनवर जगातलं सगळं संगीत बाळगून आहे. म्हणाला, “आजोबा, तुम्ही ही ई मायनरमध्ये का वाजवताय?”

“म्हणजे?”

“ओरिजिनल ए मायनर आहे.”

लीडवाला आपल्या तारांकडे बघायला लागला. डॉक्टर म्हणाला, शक्यच नाही. पोराने फोन वर धरला, लावली. ए मायनर. आमच्यापेक्षा चांगली वर, स्वच्छ, पोपटासारखी. आम्ही चौघं उभे राहून ऐकत होतो आणि ती धून ओळखीची असून परकी वाटत होती. लग्न होऊन परत आलेल्या मावसबहिणीसारखी.

११ डिसेंबर, सोमवार

रात्री झोप नाही. दोनला उठून कागदावर भागाकार केला.

ती तबकडी वानवडीतल्या एका मुलाची, वडील फौजेत. कोलंबियाचं लेबल, छपाई कलकत्त्याजवळच्या दमदमची. पंचेचाळीसच्या वेगाची लहान तबकडी, दोन रात्रींसाठी उसनी मिळाली होती. आमच्यात कोणालाच नोटेशन वाचता येत नव्हतं. जे काय ते कानाने. मामाच्या रेकॉर्ड प्लेअरवर ती लावली, पण मार्व्हिनची बोटं कुठून कुठे जातात ते उमगेना. मग लीडवाल्याने खटका ओढून वेग तेहतीसवर आणला. सगळं सावकाश झालं, एकेक स्वर सुटा ऐकू यायला लागला. दोन रात्री तशाच बसून उतरवली. तिसऱ्या दिवशी तबकडी परत गेली.

तेहतीस आणि एक तृतीयांश भागिले पंचेचाळीस: ०.७४. वेग पाऊणपट झाला की सूरही पाऊणपट उतरतो, म्हणजे पाच अर्धस्वर खाली आणि वर चिमूटभर. ए मायनर गडगडत येतो तो थेट ई मायनरच्या जरा खाली. ‘जरा’ आम्ही तारा लावताना सोडून दिलं असणार. आपल्या पेटीच्या भाषेत, पांढरी सहामधली धून आम्ही पांढरी तीनमध्ये शिकलो, आणि मग वेग मात्र बरोबर पंचेचाळीसचा केला.

एवढं साधं आहे. पन्नास वर्षांत कोणी भागाकार केला नाही.

१४ डिसेंबर, गुरुवार

ह्या आठवड्यात तालीम नाही. बेसवाला शाल आणि थर्मास घेऊन रोज मुकुंदनगरला सवाईला. पूर्वी रमणबागेत होतं तेव्हा तो सायकलवर जायचा. १९५३ साली भीमसेनजींनी गुरूंच्या नावाने सुरू केलेल्या ह्या महोत्सवासाठी त्याने म्हणे बहिणीचा साखरपुडा बुडवलाय.

रात्री साडेदहाला त्याचा फोन. “एक विचार आला. इथे गवई आला की तानपुरा त्याच्या पट्टीत लागतो. कोणी काळी एक, कोणी पांढरी चार. बाई गायल्या की काळी चार, पाच. यमनची ‘ओरिजिनल’ पट्टी कोणती, असं इथे कोणी विचारत नाही. मग आपली अपाचे पांढरी तीनमध्ये आहे, तर काय बिघडलं?”

मी म्हटलं, हा राग नाही, रचना आहे. जेरी लॉर्डन नावाच्या माणसाने केलेली. त्याने ती दौऱ्यावरच्या बसमध्ये युकुलेलीवर शॅडोजना वाजवून दाखवली होती.

“युकुलेलीवर?” तो म्हणाला. “म्हणजे त्यालाही कुठे पट्टीचं पडलं होतं!” आणि फोन ठेवला.

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पण मला स्वतःला ए मायनर पाहिजे असं वाटायला लागलंय. चूक कळल्यावर तीच पुन्हा करायची म्हणजे हट्ट झाला. तीस वर्षं बँकेत काढल्यावर खतावणीतली चूक दिसली की माणसाला सुचत नाही दुसरं.

१९ डिसेंबर, मंगळवार

लीडवाल्याच्या इकोचा अ‍ॅडॉप्टर जळला. मार्व्हिनच्या आवाजात जी सावली मागे मागे येते ती त्या डबीतून निघते. डबीचा अ‍ॅडॉप्टर अमेरिकन, एकशेदहा-वीस व्होल्टचा, जुना जड लोहचुंबकी ट्रान्सफॉर्मर असलेला. ह्याने घाईत तो आपल्या दोनशेतीसच्या प्लगात खुपसला. फट् नाही, फुस् नाही. नुसता मासळीसारखा वास. मार्व्हिनकडे डबी नव्हती, इटालियन बनावटीचं मशिन होतं. तेही त्रास द्यायचं म्हणे, पण जळाल्याचं वाचलं नाही.

मग तपकीर गल्ली. बुधवारातली ती चिंचोळी गल्ली अजून तशीच आहे, फक्त व्हॉल्व्हच्या जागी एलईडीच्या माळा. दुकानदाराने डबी उलटी करून पाहिली. “नऊ व्होल्ट. पण मधली पिन निगेटिव्ह पाहिजे. नेहमीचा लावलात तर ही पण जाईल.” साठ रुपयांची वायर उलटी जोडून दिली आणि म्हणाला, “काय वाजवता?” लीडवाला म्हणाला, गिटार. दुकानदाराने आम्हा दोघांच्या पांढऱ्या डोक्यांकडे पाहिलं. “छान,” म्हणाला. पुणेरी ‘छान’. त्याला उत्तर नसतं.

ह्याच गल्लीत १९७२ साली आम्ही आमचा ‘अँप’ उभा केला होता. अँप कसला, डॉक्टरच्या काकांचा निकामी रेडिओ. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असायची. त्यांत गिटारची वायर घालायची. रेडिओत शेवटी बऱ्याचदा ईएल ८४ नावाचा व्हॉल्व्ह असे. पुढे केव्हातरी वाचलं की शॅडोजच्या व्हॉक्स एसी ३० मध्येही तेच ईएल ८४ असतात, चार. आमच्याकडे एक होता. म्हणजे आवाजाचं घराणं एकच, आम्ही फक्त गरीब शाखा. गिटारही घरचीच: रास्ता पेठेतल्या सुताराने कपाटाच्या उरलेल्या सागवानातून कापून दिलेलं अंग, पंखे गुंडाळणाऱ्याकडून गुंडाळून घेतलेली पिकअपची कॉइल, मोडक्या लाउडस्पीकरचं चुंबक. सागवान म्हणजे वजन! पट्ट्याने लीडवाल्याच्या खांद्याला वळ उठायचे. ह्या सगळ्यातून एक अखंड ‘घूंऽ’ यायचं, वीजमंडळाच्या पन्नास सायकलचं. आम्ही तारा त्या घूंला लावत नव्हतो, हे नशीब.

माझ्याकडे मात्र खरी विकत घेतलेली होती, कलकत्त्याची गिव्हसन. नाव पटकन वाचलं की समोरच्याला गिब्सन वाटावं, अशी सोय.

लीडवाल्याची आताची गिटार लाल स्ट्रॅटोकास्टर. मार्व्हिनचीही लालच होती. तिची कथा तो प्रत्येक दौऱ्यात एकदा सांगतो, आज अप्पा बळवंत चौकात सांगितली. १९५९ मध्ये क्लिफ रिचर्डने ती अमेरिकेतून मागवली. ह्यांना हवी होती जेम्स बर्टन वाजवतो तशी. कॅटलॉग उघडला, कोणती ते कळेना. म्हणाले, बर्टन आहे म्हणजे सगळ्यात महागच असणार. म्हणून स्ट्रॅट. बर्टन वाजवायचा टेलिकास्टर. “जगातला सगळ्यात प्रसिद्ध गिटारचा आवाज चुकून आला,” लीडवाला म्हणाला आणि रस्ता ओलांडताना माझ्याकडे तिरका बघत राहिला. मी कळूनही न कळल्यासारखं केलं.

२४ डिसेंबर, रविवार

तालीम. ‘वॉक, डोन्ट रन’. ही शॅडोजची नव्हे, अमेरिकेतल्या व्हेंचर्सची. रचना जॉनी स्मिथ ह्या जॅझवाल्याची, १९५४ ची. व्हेंचर्सनी ती चेट अ‍ॅटकिन्सच्या तबकडीवरून उचलली. ए मायनर, जी, एफ, ई अशा चार पायऱ्या उतरायच्या आणि पुन्हा वर जायचं. रिदमवाल्याला ह्याहून मोठं सुख नाही.

डॉन विल्सन आणि बॉब बोगल बांधकामावर गवंड्यांच्या हाताखाली मसाला वाहणारे. कोणी कंपनी त्यांना उभं करीना, तेव्हा विल्सनच्या आईने, जोसी विल्सनने, स्वतःच तबकड्यांची कंपनी काढली आणि ही धून छापली. १९६० मध्ये ती अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेली. हे सांगितल्यावर डॉक्टर म्हणाला, “आमच्या मातोश्रींनी काठ्या लपवल्या होत्या.” काठ्या म्हणजे ड्रमस्टिक. त्याने वर्षभर लाटण्याने सराव केला हे खरं आहे. मी साक्षीदार आहे.

पट्टीचा विषय आज कोणीच काढला नाही.

७ जानेवारी २०२४, रविवार

‘गाणार कोण’वर तोडगा: ‘गुमनाम’मधलं ‘जान पहचान हो’ गिटारवर घ्यायचं. रफीसाहेबांच्या ओळी लीडवाला वाजवेल, लोक मनात म्हणतील. आईचाच उपाय.

‘गुमनाम’ १९६५ चा. दिग्दर्शक राजा नवाथे, संगीत शंकर-जयकिशन. पडद्यावर डोळ्यांवर मुखवटा चढवून लक्ष्मी छाया जी नाचते ती नाचते, पण आम्ही बघायचो मागच्या वाद्यवृंदाला. टेड लायन्स अँड हिज कब्ज, मुंबईचे. हिंदी सिनेमात असा गिटारचा टणत्कार आणि तोही असा दिलखुलास दाखवलेला आम्ही आधी पाहिला नव्हता. २००१ मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ नावाच्या अमेरिकन चित्रपटाची सुरुवातच ह्या नाचाने झाली. लीडवाल्याने तो न्यू जर्सीत थिएटरात पाहिला. म्हणे शेजारच्या परक्या माणसाला दंडाला धरून सांगितलं, हे आमचं आहे.

नातवाने आज आणखी एक बॉम्ब टाकला. त्याला ‘अपाचे’ आधीपासूनच माहीत होती, पण आमची नव्हे, शॅडोजचीही नव्हे. १९७३ मध्ये इन्क्रेडिबल बाँगो बँडने तिची एक आवृत्ती केली, ड्रम आणि बाँगोचा लांबलचक तुकडा असलेली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क नावाचा डीजे तोच तुकडा दोन तबकड्यांवर पुन्हा पुन्हा फिरवायचा, आणि त्यातून हिप-हॉप उभं राहिलं. “हिप-हॉपचं राष्ट्रगीत म्हणतात तिला,” पोरगा म्हणाला.

१९७३! आम्ही जेव्हा रेडिओच्या भोकात वायर खुपसत होतो तेव्हाच. मग त्याने ढोल आणला. मूळ ‘अपाचे’च्या सुरुवातीला जो दुमदुमता ठोका आहे तो चिनी ढोलाचा, आणि तो वाजवलाय क्लिफ रिचर्डने. हा क्लिफ जन्मला लखनौत, १९४० मध्ये. आठव्या वर्षापर्यंत हिंदुस्थानात. म्हणजे अमेरिकेतल्या आदिवासींच्या सिनेमावरून इंग्रजाने केलेली धून, तीत लखनौच्या पोराने बडवलेला चिनी ढोल, आणि आता सहकारनगरात त्या जागी पुणेरी ढोल आणि टिपरू. गॅरेजचं शटर थरथरलं. वरच्या मजल्यावरून वहिनी ओरडल्या, “अहो, विसर्जन आहे का?”

ढोल ठेवायचा, हे एकमताने.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. तिळगुळाने दाढ दुखावली, गोड बोलणं आपोआपच बंद.

गिटारच्या तारा बदलल्या. पूर्वी जाड तार म्हणजे मर्दानी समजायचो, तिसरी तारही गुंडाळलेली. आता दहाचा संच, तोही बोटांना बोचतो. डाव्या अनामिकेचं पेर सकाळी अडकतं, कोमट पाण्यात धरावं लागतं. ब्रूस वेल्चला तारा लावायचं वेड होतं म्हणतात. इतकं, की सहकाऱ्यांना नको व्हायचं. मला हा माणूस कधी भेटला तर मी त्याला मिठी मारेन. लीडवाला बेसूर वाजला तर लोकांना वाटतं तो भावनेत आहे. रिदमवाला बेसूर झाला तर सगळेच बेसूर होतात, आणि कोणाच्या लक्षात येत नाही कोणामुळे.

‘अपाचे’त वेल्चने साधी अकूस्टिक गिटार वाजवली आहे, विजेविना. मी इतकी वर्षं ती कान देऊन ऐकली नव्हती, कारण माझ्याकडे तबकडीच नव्हती. आता नातवाने फोनवर दिली आहे. एकाच बाजूच्या कानात घालून ऐकतो. घोडा चालल्यासारखी. लोकांना घोडा ऐकू येत नाही, स्वार ऐकू येतो.

२१ जानेवारी, रविवार

मतदान झालं. चर्चा दीड तास, चहा तीनदा.

बेसवाला पांढरी तीनच्या बाजूने, डॉक्टरही; डॉक्टरला पट्टीशी काही देणंघेणं नाही, पण तो सवयीने बेसवाल्याच्या बाजूने असतो. नातू ए मायनरच्या बाजूने. लीडवाला म्हणाला, “ए मायनर. मला ते १९८६ मध्येच कळलं होतं.”

सगळे गप्प.

“एडिसनला एका भारतीयाच्या घरी पार्टीत लागली होती. मी स्वयंपाकघरात ग्लास विसळत होतो. पहिल्याच स्वराला कळलं.”

“मग सांगितलं का नाहीस?” मी.

“कोणाला? तू कर्ज मंजूर करत होतास, हा टेल्कोत, डॉक्टर बारामतीला. बँड कुठे होता सांगायला?”

दोन-दोन मतं झाली. राहिलो मी. खतावणी डोळ्यांसमोर होतीच. ए मायनर, म्हटलं. बेसवाल्याने बेस पेटीत ठेवला आणि झाडांना पाणी घालायला गेला. वीस मिनिटांनी परत आला आणि ए मायनरमध्ये, एकही चूक न करता, तीनदा वाजवून दाखवली. हा त्याचा राग.

२७ जानेवारी, शनिवार. रात्री पावणेबारा

दाढी करतानासुद्धा हात थरथरत होता, म्हणून हे आताच लिहून ठेवतो.

कार्यालयात कालचंच लग्न असावं. मंचावर मागे थर्मोकोलचं ‘शुभविवाह’ तसंच. त्यातला ‘भ’ पडलेला. भिंतीवर पाट्या: अक्षता जपून वापराव्यात, भिंतीस पाठ लावू नये, पंखे कार्यालयाच्या मर्जीने चालतील. व्यवस्थापकाने आल्या आल्या सांगितलं, दहाला माइक बंद, तो कायदा आहे, आणि जेवण साडेनऊला, तो आमचा. बॅचचे सव्वाशेएक लोक. बायका-मुलं-नातवंडं धरून. १९७३ मध्ये जे आम्हाला हसले होते ते पहिल्या रांगेत, कारण आता त्यांना ऐकू कमी येतं.

‘वॉक, डोन्ट रन’ ठीक. ‘एफबीआय’मध्ये वर वर जाताना लीडवाल्याची एक तार सुटली, त्याने दुसऱ्या तारेवर उरकलं, कोणाला कळलं नाही. ‘वंडरफुल लँड’ला मागे कोणीतरी जिलबीचं तूप तापवायला घेतलं असावं; वास आला आणि लोकांचं लक्ष उडालं. ‘जान पहचान हो’ने परत आणलं. आणलं म्हणजे काय, ती संयोजक बाई, ‘नुसतंच’वाली, उठून नाचली. तिच्यामागे आठदहाजणी. व्यवस्थापक दारात आला, पाहिलं आणि पंखे वाढवले.

मग ‘अपाचे’. शेवटची. नातवाने ढोल पुढे ओढला, टिपरू उचललं. पहिला ठोका पडला आणि अख्खं कार्यालय एकदम जागं झालं. पुण्यात ढोल वाजला की माणूस आधी उभा राहतो, मग विचारतो कशाबद्दल.

ही धून लीडवाला सुरू करत नाही. आधी ढोल, मग रिदम, मग तो. पट्टी मी द्यायची. लीडवाला माझ्याकडे न बघता म्हणाला, “रिदम धर.”

ए मायनर आणि ई मायनर ह्यांच्यात फरक फारसा नाही. तर्जनी उचलायची आणि उरलेली दोन बोटं एकेक तार वर, जाड तारांकडे सरकवायची. बास.

मी ए मायनर धरला होता. त्यावर बोटं होती, मी खाली बघून खात्री केली होती. आणि वाजला तो ई मायनर.

हे मी मुद्दाम केलं का, असं हिने परतताना रिक्षात विचारलं. मी म्हटलं, नाही. तिने ‘हं’ केलं. खरं सांगायचं तर मलाच ठाऊक नाही. अनामिका अडली असेल. मला एवढं आठवतं की ती खालची मोकळी तार घुमली आणि डॉक्टरने डाव्या पायाचा ठोका अर्धा क्षण आधीच टाकला, जणू तो वाटच बघत होता. बेसवाल्याने ए धरला होता. एका मात्रेत घसरत ईवर आला, त्या घसरण्याचा आवाजही छान आला. नातवाने मान फिरवून माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. आणि लीडवाला चार मात्रा थांबला. त्याला कुठूनही सुरू करता आलं असतं, मला वर ओढताही आलं असतं, त्याचं ते कामच. चार मात्रा थांबून त्याने खालून उचलली.

ती काही पोपटासारखी नव्हती. घशातून आल्यासारखी, जरा जड, पांढरी तीनमधली.

नऊ पंचवीसला संपलो. पाच मिनिटं उरली म्हणून व्यवस्थापकाने आमच्याकडे कौतुकाने पाहिलं. जेवायला मठ्ठा चांगला होता.

२८ जानेवारी, रविवार

नातवाचा मेसेज: “आजोबा, व्होटिंगचा काय उपयोग मग?” उत्तर दिलं नाही. दुपारी पुन्हा मेसेज: “पण ढोलाला ई जास्त सूट झाला.” ह्यालाही नाही दिलं.

बोट सुजलंय. गरम पाणी.

३० जानेवारी, मंगळवार

लीडवाला रात्रीच्या विमानाने जाणार. मुंबईला जाताना वाटेत खालापूरच्या टोलनाक्याजवळून फोन आला. मला वाटलं, आता त्या रात्रीबद्दल बोलेल.

“एफबीआयच्या दुसऱ्या भागात तू घाई केलीस,” म्हणाला. “पुढच्या डिसेंबरपर्यंत सुधार.”

मग टोलवाल्याशी काहीतरी भांडण सुरू झालं, आणि फोन कटला.